कोईंचं पुरुमेंत, मिरग लागायच्या आधी

घरात सुके बांगडे, आमसुलं, मिरच्या भरायची गडबड, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, आमचं पुरुमेंत, सुरू झाली की हल्ली मी कोईंचंही, म्हणजे टाकीतल्या रंगीत शोभेच्या कार्प माशांचंही, पुरुमेंत काढतो. गेल्या वर्षी एप्रिलात एका डीलरकडून सहा कोई आणले, वेगळ्या टाकीत तीन आठवडे ठेवले, खात होते, पळत होते, म्हटलं झालं आणि दिले सोडून मोठ्या टाकीत. जूनचा पहिला धो धो पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर अख्खा कळप एअर स्टोनच्या भोवती तोंड वर करून लटकलेला. माझी पाच वर्षांची कोहाकू (पांढऱ्या अंगावर लाल ठिपके असलेली कोई) मादी हातात घेतली, अंग सँडपेपरसारखं खरखरीत, डोळे आत गेलेले, कल्ल्याचं झाकण उचललं तर लाल कमी आणि पांढरट कुजके डाग जास्त. दुपारपर्यंत गेली. आठवड्याभरात ४० पैकी ६ उरले.

तर पहिली तयारी म्हणजे काही आणायचं नाहीच, खरेदी बंद करायची. केएचव्ही, म्हणजे कोई हर्पीस हा व्हायरस, साधारण १८ ते २८ डिग्री पाण्यात मारतो आणि ३० च्या वर गप्प बसतो, पण माशाच्या अंगातून जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३१-३२ असतं, मग मासा ठणठणीत दिसणारच, आणि पावसाने पाणी २६ वर आलं की खेळ सुरू. म्हणून उन्हाळ्यातलं क्वारंटाइन मी धरतच नाही. एप्रिल-मेमध्ये चेन्नईहून कितीही स्वस्त पार्सल येत असलं तरी नको म्हणा. आणायचेच असतील तर पाणी २२ ते २५ वर धरून निदान ३० दिवस ठेवा, त्यासाठी चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लागतो, तो एकट्याला परवडत नाही म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक सेकंडहँड घेतलाय. सोबत आपल्या टाकीतला एखादा स्वस्तातला कोई ठेवायचा, तो पडला तर समजायचं. गोल्डफिश ठेवून उपयोग नाही, तो आजारी पडत नाही पण व्हायरस वाहून नेऊ शकतो. आणि पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, हे दहा वेळा सांगूनही लोक ओततातच.

मग सामान. प्रत्येक टाकीला स्वतंत्र हँडनेट, बादली, पाइप, हँडलला रंगीत टेप गुंडाळा म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. ब्लीचिंग पावडर ताजी घ्या, गेल्या पावसाळ्यातली आपल्या दमट हवेत मेलेली असते. ३० टक्केवाली असेल तर १०० लिटर पाण्याला साधारण ७० ग्रॅम, त्यात जाळी-बादल्या तासभर बुडवायच्या, मग हायपोच्या (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारं) पाण्यातून काढून धुवायच्या आणि उन्हात टाकायच्या (जूनमध्ये ऊन मिळालं तर). ब्लीच चुकूनही माशांच्या पाण्यात नको. मीठ जाडं, आगरवाड्याकडचं मिळालं तर उत्तम, १००० लिटरला ५ किलो या हिशोबाने साठा. केएचव्हीवर मीठच काय, कुठलंच औषध नाही, कोणी बाटली विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. पण कार्प एडिमा नावाचा दुसरा व्हायरस आहे, भारतात सापडलेला, त्यात कोई तळाशी आडवे पडून झोपल्यासारखे राहतात, तिथे ०.५ टक्के मिठाने बरेच सावरतात.

अमोनियाची टेस्ट किट आणि इन्व्हर्टरची बॅटरी आत्ताच बघा. पहिल्या पावसात लाइट जाते, एअरेटर बंद पडतो आणि गुदमरलेले मासे बघून लोक व्हायरस व्हायरस ओरडतात. त्याच टाकीतले बाकीच्या जातीचे मासे मजेत आणि फक्त कोई मरतायत असं दिसलं तर मात्र शंका घ्या.

सँपलची तयारी न ठेवणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. मेलेला मासा रात्रभर पडून राहिला, दुसऱ्या दिवशी डब्यात घालून गाडी मारत गेलो, तोवर सडला होता, रिपोर्ट काहीच आला नाही, त्यामुळे माझ्याकडे नक्की काय होतं ते आजही छातीठोक सांगता येत नाही. पीसीआरला कल्ले आणि किडनी लागते, तीही मरायला टेकलेल्या माशाची. लॅबला आधी फोन करून ९५ टक्के इथेनॉलची बाटली आणून ठेवा (फेणी चालत नाही, विचारून झालंय). पणजीचं मत्स्योद्योग संचालनालय आणि लखनौच्या एनबीएफजीआरचे (माशांवर संशोधन करणारी सरकारी संस्था) नंबर टाकीच्या भिंतीवर लिहा, २०२३ मध्ये सरकारने काढलेलं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲपही मोबाईलवर टाकून ठेवा.

मेलेले मासे पुरायचा खड्डासुद्धा मे महिन्यातच खणायचा, वरच्या भरडीवर (उंच कोरड्या जागेवर), विहिरीपासून लांब, तीन-चार फूट, बाजूला चुन्याची गोणी ताडपत्रीखाली. जूनमध्ये खालच्या अंगाला खणलं तर फूटभरावर पाणी लागतं. मेलेले मासे ओहोळात टाकू नका, तो खाली कोणाच्या तरी तळ्यातून जातो. टाक्यांवर जाळी ताणा, बगळा आणि खंड्या एका टाकीतला अर्धमेला मासा दुसऱ्या टाकीत टाकून जातात.

बघायला आले की लोक वाचलेल्या सहांपैकी दोघांचा भाव विचारतात. त्यांच्या टाकीवर मी खडूने ‘विकायचे नाहीत’ लिहिलंय, पावसाने पुसलं की परत लिहितो.