गोठ्यातल्या अँटिबायोटिकचा हिशेब कसा ठेवावा आणि वापर कसा घटवावा

दुभत्या गोठ्यात अँटिबायोटिक सगळ्यात जास्त लागतं ते कासदाहाला, म्हणजे आपल्या बोलीतल्या दगडीला. वापर घटवायचा तर सुरुवात तिथूनच करावी. पण आज आपण किती वापरतो, हे बहुतेक गोठ्यांत कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी मोजणी.

१. गोठ्यात वही टांगा. प्रत्येक उपचाराची एक ओळ: तारीख, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांक, आजार, औषधाचं नाव, किती मिली, किती दिवस, कुणी दिलं. रिकाम्या बाटल्या आणि सडात सोडायच्या ट्यूबा एका डब्यात साठवा आणि महिनाअखेरीला वहीशी ताळा घाला. घाईत टोचलेलं इंजेक्शन वहीत राहून जातं, बाटली मात्र डब्यात सापडते.

२. उपचाराचे दिवस मोजा. 10 गाईंपैकी तिघींना पाच-पाच दिवस औषध दिलं, तर 15 दिवस झाले, म्हणजे गाईमागे दीड. बरेच दिवस काम करणारं इंजेक्शन एकदाच टोचलं तरी त्याचा असर जितके दिवस, तितके धरा. ते डॉक्टर सांगतील.

दुसरी पद्धत वजनाची: गाईंच्या दर किलो वजनामागे वर्षात किती मिलीग्रॅम औषध लागलं. अशा हिशेबात युरोपात दुभत्या गाईचं वजन 425 किलो धरतात. म्हणजे 10 गाईंचे 4,250 किलो. दर मिलीत 200 मिलीग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन असलेलं इंजेक्शन वर्षात 120 मिली लागलं, तर 24,000 मिलीग्रॅम. भागाकार करा, किलोमागे साधारण 5.6 मिलीग्रॅम येतात.

या आकड्यावर एकट्यावर मात्र विसंबू नका. सेफ्टिओफर किंवा एनरोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा डोस ऑक्सिटेट्रासायक्लिनपेक्षा कितीतरी कमी असतो. औषध बदललं की मिलीग्रॅम घसरतात, वापर सुधारला असं वाटतं, आणि प्रत्यक्षात माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवायला हवीत अशी औषधं आपण गोठ्यात खर्च करत असतो. या गटातल्या औषधांच्या ओळी वहीत लाल शाईने लिहा. माझ्या मते एकूण आकड्याआधी लाल ओळी कमी झाल्या पाहिजेत. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा तर प्रश्नच नाही. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर भारतात 2019 पासून बंदी आहे.

३. दगडी दिसण्याआधी पकडा. दर पंधरवड्याला चारही सडांची सीएमटी, म्हणजे दुधावरून छुपी दगडी ओळखायची चाचणी करा. पहिल्या धारा वेगळ्या काढून टाका, मग चार खणांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं थोडं दूध घेऊन तितकंच द्रावण घाला आणि ताटली गोल फिरवा. दूध घट्ट, चिकट झालं तर त्या सडात सूज आहे. ती गाय सगळ्यात शेवटी पिळा.

४. धारेची शिस्त पाळा. सगळ्यात मोठी बचत इथे आहे. सड धुऊन कोरडे पुसा, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. अंगठा दुमडून पिळू नका, पूर्ण मुठीने पिळा. धार संपताच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. मग लगेच हिरवा चारा टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. तेवढ्या वेळात सडाचं उघडं तोंड मिटतं आणि शेणातले जंतू आत शिरत नाहीत.

५. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, सरसकट अँटिबायोटिकची ट्यूब सोडू नका. सीएमटी स्वच्छ असेल आणि दगडीचा इतिहास नसेल, तर सड बंद करणारं सीलंट पुरतं का, ते डॉक्टरांना विचारा. युरोपीय संघात निरोगी जनावरांना सरसकट प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायला 28 जानेवारी 2022 पासून मनाई आहे.

लम्पी, लाळ्या-खुरकूत हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दुय्यम जंतुसंसर्ग झाला तरच ते लागतं, आणि तेही डॉक्टर ठरवतील. लसीकरण वेळेवर करा.

६. दूध रोखून धरा. लेबलवर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका. लेबलवर काहीच नसेल, तर आपल्या नियमानुसार किमान 7 दिवस धरावेत. हे दूध वासरांनाही पाजू नका. त्यांच्या पोटात औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात.

७. गाय तापलेली, चारा सोडलेली असेल तर घरगुती लेपात वेळ घालवू नका, जनावरांच्या डॉक्टरांसाठी 1962 या क्रमांकावर फोन करा. पहिलं इंजेक्शन देण्याआधी निर्जंतुक बाटलीत त्या सडाचं दूध काढून बर्फात ठेवायला मात्र विसरू नका. औषध लागू पडलं नाही, तर डॉक्टर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवून जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहू शकतील, आणि दुसरं औषध अंदाजाने टोचावं लागणार नाही.