घरातल्या मंडळींना वीजबचतीच्या खर्चासाठी राजी कसे करावे

हा विषय मे महिन्याचे बिल हाती पडल्यावरच काढावा. पर्यावरणाचे आवाहन सर्वांना पटते, पण त्यापायी कमी वीज खाणाऱ्या पंख्याला तीन हजार रुपये काढून देणारे घर क्वचितच आढळते. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर दर चढत जातो आणि वाचतात ती सर्वांत वरच्या टप्प्यातील युनिटे, म्हणून हिशेब सरासरीने न मांडता त्या टप्प्याच्या दराने मांडावा.

मग सर्वांना मीटरपाशी न्यावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लाल दिवा एका युनिटमागे किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि घरातील बाकी सारे बंद करून केवळ ७५ वॉटचा जुना पंखा चालू ठेवला, तर दिवा दर १५ सेकंदांनी चमकतो. ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रशलेस मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्यावर तो पुन्हा चमकण्यासाठी ३७-३८ सेकंद वाट पाहावी लागते. दोन किलोवॉटचा गीझर लावला, की तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकू लागतो आणि आंघोळीला वेळ लावणारी मंडळी जरा गप्प होतात. दिवसाला १५ तास आणि वर्षातले २४० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिटे वाचतात. १० रुपये दराने ते १,६२० रुपये होतात, म्हणजे तीन हजारांचा पंखा दोन वर्षांच्या आत वसूल होतो.

एवढे होऊनही घोडे अडते ते बहुधा रिमोटपाशी, कारण हे नवे पंखे सहसा त्यावरच चालतात. आजोबांना भिंतीवरचा रेग्युलेटरच हवा असतो आणि रात्री अंधारात रिमोट चाचपडणे त्यांना मान्य नसते. रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात, तेव्हा दुकानात हे आधी विचारून घ्यावे.

गच्चीखालच्या घरात मात्र बिलाचा विषयच काढू नये. तिथे झोप हाच मुद्दा असतो, आणि गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग लावण्यास तेवढे कारण पुरते. सोसायटीत गच्ची सामाईक असल्याने हे काम उन्हाळ्याआधीच्या सभेत मंजूर करून घ्यावे.

भाड्याच्या घरात खर्च मालकाचा आणि बचत भाडेकरूची असल्याने मालक सहसा हलत नाही. भाडेकरूने स्वतःच पंखा घ्यावा, मालकाचा काढून माळ्यावर ठेवावा आणि घर सोडताना तो पुन्हा टांगून आपला सोबत न्यावा.