आधी घड्याळ, मग स्थानक

सैनिकी विज्ञानकथा लिहिणाऱ्या किंवा टेबलावर नकाशे मांडून युद्धखेळ खेळणाऱ्या प्रत्येकाकडे एक तरी पहारा-स्थानक असतं. शत्रूचा ताफा लांबूनच हेरायचा आणि घरी वर्दी द्यायची, एवढंच त्याचं काम. माझंही होतं. सहा मजले, चाळीस तोफा, वर गरगर फिरणारी भली मोठी थाळी. नकाशा रंगवण्यात तीन आठवडे गेले. पहिल्याच खेळात शत्रूची बाजू घेतलेल्या मैत्रिणीने विचारलं, "यांनी मला पाहिलं, ठीक. घरी कळायला किती वेळ लागेल? आणि मला पोचायला किती?" मी गप्प. तेव्हापासून मी स्थानकाचं चित्र सगळ्यात शेवटी काढतो.

आधी कोरा कागद घ्या आणि दोन वेळा लिहा. बातमी घरी पोचायला लागणारा वेळ आणि शत्रू घरी पोचायला लागणारा वेळ. दोन्हींतला फरक हीच तुमच्या स्थानकाची किंमत. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, नेपच्यूनच्या कक्षेपासून सूर्यापर्यंत चार तासांहून थोडं जास्त. म्हणजे तिथल्या पहारेकऱ्याने "दिसले" म्हटलं की आतल्या ग्रहांवर ते चार तासांनी ऐकू येणार. शत्रू प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या वेगाने येत असेल तर त्याला चाळीसेक तास लागतील, म्हणजे तुमच्या हाती छत्तीस तास उरले. छत्तीस तासांत भरपूर कथा बसते.

तुमच्या विश्वात जहाजं प्रकाशापेक्षा वेगाने उडी मारत असतील आणि संदेश मात्र साध्या रेडिओनेच जात असतील, तर शत्रू वर्दीच्या आधी दारात उभा राहील. मग निरोप घेऊन उडी मारणारी छोटी नौका स्थानकाला बांधून ठेवावी लागते. ती एकच असेल आणि दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली असेल, तर गोष्ट आपोआप सुरू होते.

आता जागा. कुंपण घालायचा मोह आवरा. शीतयुद्धात अमेरिका आणि कॅनडाने आर्क्टिकमध्ये रडारांची लांबलचक रांग उभारली, ती १९५७ मध्ये कार्यरत झाली. बॉम्बफेकी विमानं उत्तरेकडूनच येणार असल्याने रेषा पुरत होती. अवकाशात रेषा पुरत नाही, गोल लागतो. नेपच्यूनच्या अंतरावर, म्हणजे साडेचारशे कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर स्थानकं पसरायची आणि प्रत्येकाने आपल्याभोवती एक कोटी किलोमीटरवर नजर ठेवायची असं ठरवलं, तर आठ लाखांहून जास्त स्थानकं लागतील. मी हा हिशेब दोनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. तेव्हा एकतर उडी मारून बाहेर पडायच्या जागा मोजक्या ठेवा आणि तिथे पहारा बसवा, नाहीतर मोजक्या पण फार लांबचं पाहणाऱ्या डोळ्यांवर भिस्त ठेवा.

डोळे म्हटलं की सगळ्यांना रडार आठवतं. रडारची लाट जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते, म्हणून पल्ला दुप्पट करायचा तर सोळापट शक्ती लागते. शिवाय रडार चालू करणं म्हणजे काळोखात कंदील हलवून आपली जागा दाखवणं. बरा मार्ग उष्णतेचा. माणसं आत असलेलं जहाज घरातल्या खोलीइतकं उबदार असतं, आणि मागचं आकाश निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर. इंजिन पेटलं तर विचारायलाच नको. क्षेपणास्त्रांच्या ज्वाळा उपग्रहावरून इन्फ्रारेडमध्ये टिपण्याचं काम पृथ्वीभोवती १९७० च्या दशकापासून चालू आहे.

पण इथे एक गोची आहे, आणि मला ती फार आवडते. उष्णता पाहणारा डोळा स्वतः थंडगार हवा. जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, पाच थरांच्या सावलीआड बसवली आहे ती त्यासाठीच. तुमचे पहारेकरी मात्र श्वास घेतात, चहा उकळतात, पंप चालवतात. म्हणून डोळे आणि माणसं एकाच डब्यात ठेवू नका. माणसांचा डबा लहान आणि गरम, डोळे त्याच्यापासून दूर अंधारात विखुरलेले. किमान दोन तरी हवेतच: एका डोळ्याला फक्त दिशा कळते, अंतर काढायला दोन जागांवरून पाहावं लागतं. त्यातला एक बिघडला की शत्रू आहे हे कळतं, पण कुठवर आलाय ते कळत नाही. या एका वाक्यावर मी एक अख्खी कथा लिहिली आहे.

माणसं ठेवायचीच कशाला, असं वाचक विचारणारच. कारण नेपच्यूनच्या अंतरावर एक प्रश्न विचारून उत्तर मिळवायला आठ तासांहून जास्त लागतात. "नक्की का?" असं मुख्यालय विचारूच शकत नाही. खात्री तिथेच करायला हवी.

खात्री करणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. मी बरीच वर्षं एका नियंत्रण कक्षात रात्रपाळी केली. पॅनेलवरचा एक बझर दमट हवेत उगाच वाजायचा. कंटाळून कुणीतरी त्यात कागदाचा बोळा कोंबला. एका पहाटे तो खरंच वाजला आणि पंपाचं बेअरिंग जळाल्याचा वास आल्यावर आम्हाला कळलं. बोळा कुणी घातला ते सगळ्यांना माहीत होतं, बोललं कुणी नाही. तुमच्या स्थानकात असा एक बोळा नक्की ठेवा.

खोट्या वर्द्यांना मात्र खरं, भौतिक कारण द्या. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या अमेरिकी रडारने मोठा क्षेपणास्त्र हल्ला दाखवला. उगवत होता तो चंद्र. सोव्हिएत संघाचे नेते ख्रुश्चेव्ह त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते, हेही शंका घ्यायला पुरेसं होतं. नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या पडद्यांवर सरावासाठी बनवलेला हल्ला खरा म्हणून उमटला. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी पाच क्षेपणास्त्रं दाखवली. उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन होतं ते. पाळीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने वर खोटी वर्दी म्हणून कळवलं. त्याचा एक तर्क साधा होता: युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रं का सोडेल?

उलटंही घडतं. ७ डिसेंबर १९४१ ला हवाईतल्या ओआहू बेटावरच्या अमेरिकी रडारवर दोन सैनिकांची पाळी सात वाजता संपली होती. न्यायला गाडी आली नाही म्हणून ते पडद्यासमोर बसून राहिले आणि दोनशे किलोमीटरहून लांब विमानांचा मोठा थवा त्यांना दिसला. ती जपानी होती. आपलीच विमानं यायची आहेत, काळजी करू नका, असं त्यांना सांगण्यात आलं. यंत्र चोख होतं. पर्ल हार्बरला मात्र कुणी सावध झालं नाही.

म्हणून संदेशाचा नमुना आधी ठरवा: पाहिल्याची वेळ, पाठवल्याची वेळ, दिशा, अंतर, संख्या, खात्री किती, कुणाच्या सहीने. पहिल्या दोन वेळांमध्ये जितकी मिनिटं गेली तितका वेळ माणसं भांडली असं वाचकाला न सांगता कळतं. ठरावीक वेळाने "ठीक" असा संदेशही जाऊ द्या, म्हणजे स्थानक नष्ट झालं तरी त्याचं गप्प होणं हीच वर्दी ठरते. अर्थात तीही चार तास उशिरा.

एवढं झालं की काहीच न घडलेल्या एका पाळीची नोंदवही लिहून पाहा. माझी अशी होती:

०२:१० ठीक. ०२:४० दुसऱ्या डोळ्यात ठिपका, पहिल्यात नाही. ०२:५५ ठिपका गेला. ०३:१० ठीक. ०३:२५ ठिपका पुन्हा, त्याच जागी. झोपलेल्यांना उठवलं नाही. ०३:४० ठीक पाठवलं.