नॅनो झिंक जमिनीत टाकू का? आधी सामू (पीएच) बघा

मृग तोंडावर आलाय आणि कृषी सेवा केंद्रात डीएपीच्या (नत्र-स्फुरदाच्या खताच्या) बॅगांशेजारी नॅनो झिंक, नॅनो कॉपरच्या बाटल्या दिसायला लागल्यात, त्यामुळे सगळीकडून एकच प्रश्न येतोय, पेरणीबरोबर जमिनीत देऊ का. काळ्या रानवाल्यांना माझं उत्तर सरळसरळ "नाही" असंच आहे. आणि एक, नॅनो युरिया यात धरू नका, ते नत्राचं खत, इथे बोलतोय ते धातूच्या ऑक्साईडबद्दल.

कण १ ते १०० नॅनोमीटरचा असला की नॅनो, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर बसतात, आता विचार करा किती बारीक. एवढा बारीक कण साध्या पावडरीपेक्षा लवकर विरघळतो, त्याचा भाव आहे तो यासाठीच. झिंक ऑक्साईड विरघळून जस्त सुटतं आणि मुळं मुख्यतः तेच घेतात, झिंक सल्फेटमधून मिळतं तेच जस्त, काही वेगळं नाही. टायटॅनियम डायऑक्साईड मात्र मातीत जवळजवळ विरघळत नाही, नुसता पडून राहतो.

आता हाच झिंकचा कण सोलापूर, मराठवाड्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात टाकला तर काय होतं बघा. सामू, म्हणजे जमीन आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ८ च्या वर, म्हणजे अल्क, त्यामुळे विरघळणं मंदावतं, त्यात कॅल्शियम भरपूर म्हणून कण एकमेकाला चिकटून त्यांचे गोळे होतात, म्हणजे ज्या बारीकपणाचे पैसे मोजले तोच गेला, आणि जे थोडंफार जस्त सुटतं ते चिकणमाती आणि चुनखडी धरून बसते, वरून डीएपीतला स्फुरद जवळ असला की झिंक फॉस्फेट होऊन तेही अडकतं. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलटं, सामू ५-६ च्या आसपास, तिथे कण भराभर विरघळतो. भाताला फायदा होईल, पण डोस जास्त झाला तर मुळांना दणकाही तिथेच आधी बसतो. सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर ह्युमिक पदार्थ (पालापाचोळा, शेणखत कुजून तयार होणारे) कणांवर आणि सुटलेल्या धातूवर बसतात आणि तो दणका जरा कमी होतो.

म्हणून आधी माती परीक्षण. रिपोर्टमध्ये उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली असेल तरच जस्त द्या. जमिनीतून द्यायचं तर आपलं जुनं झिंक सल्फेटच बरं, एकरी ८ ते १० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, फक्त डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. नॅनोची बाटली घेतलीच असेल तर ती फवारणीसाठी ठेवा, लेबलवर लिहिलंय तेवढीच मात्रा, पंपात "अजून एक झाकण" हा प्रकार नको.

बीजप्रक्रियेबाबत, म्हणजे पेरणीआधी बियाला द्रावण लावण्याबाबत, जास्त काळजी वाटते, कारण बरेच जण वाटीभर पाण्यात अंदाजाने ओततात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुळा, मोहरीवर्गातलं रेप, मका, काकडी अशा बियांवर नॅनो झिंक ऑक्साईड वापरलं होतं. उगवणीवर बहुतेक पिकांत फरक दिसला नाही, पण मुळ्याच्या मुळांची वाढ लिटरला साधारण ५० मिलिग्रॅमवरच निम्म्यावर आली, रेपची तर २० च्या आसपास. हे पाण्यातलं आहे, मातीत इतका त्रास होत नाही हे मान्य, पण बीजप्रक्रियेत बी थेट द्रावणातच असतं ना! त्यामुळे नुसती उगवण बघून "काही झालं नाही" म्हणू नका, चार रोपं उपटून मुळं बघा.

सोयाबीन, तूर, उडीदवाल्यांनी रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र देणारे जिवाणू) आणि नॅनो झिंक किंवा कॉपर एका भांड्यात अजिबात कालवायचं नाही. हे दोन्ही ऑक्साईड जिवाणू मारण्यासाठीही वापरले जातात, मग रायझोबियम कसा वाचेल? २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी कुंड्यांतल्या मातीत सोयाबीन घेऊन बघितलं, झिंक ऑक्साईडमुळे पानात आणि दाण्यात जस्त वाढलं, पण सेरियम या दुसऱ्या धातूच्या ऑक्साईडच्या जास्त डोसला गाठींमधलं नत्र स्थिरीकरण जवळपास बंद पडलं. सेरियम आपल्याला कुणी विकत नाही, पण डिझेलच्या अॅडिटिव्हमध्ये तो वापरतात, आणि सनस्क्रीन, रंग यातलं झिंक, टायटॅनियम धुऊन शहराच्या सांडपाण्यात आणि तिथून गाळात येतं. तो वाळलेला गाळ स्वस्त खत म्हणून घेत असाल तर जड धातूंचा रिपोर्ट मागा, आणि दरवर्षी त्याच प्लॉटमध्ये पसरू नका, धातू कुजून जात नाहीत.

द्राक्षवाल्यांनो, तुमच्या बागेत बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं) तांबं वरच्या थरात वर्षानुवर्षं साचलेलं असतं, त्यात नॅनो कॉपरची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) कशाला? आधी मातीतलं तांबं तपासून घ्या.

खरेदी करताना लेबलवर घटकाचं प्रमाण, बॅच नंबर, खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख बघा आणि पक्की पावती घ्या. नुसतंच "नॅनो टेक्नॉलॉजी" लिहिलंय आणि आत काय ते नाही, अशी बाटली परत ठेवा. पावडर असेल तर मास्क लावून, वारा नसताना मिसळा, इतके बारीक कण छातीत खोल जातात. आणि पहिल्या वर्षी सगळ्या रानात नको, चार ओळी बिनफवारणीच्या सोडा, काढणीला त्यांचं वजन वेगळं करा.