नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशी करावी

मुलाखतीचं बोलावणं आलं की पुष्कळ जण ‘हमखास विचारले जाणारे 50 प्रश्न’ छापाची यादी शोधतात आणि उत्तरं पाठ करायला बसतात. ही मेहनत बरीचशी वाया जाते. प्रश्नाचे शब्द जरा बदलले की पाठांतर अडखळतं, आणि समोरचा माणूस महिन्याला डझनावारी मुलाखती घेत असेल तर घोकलेलं उत्तर त्याला दुसऱ्या वाक्यालाच कळतं. प्रश्न कुठला येईल हे आपल्या हातात नसतं. आपण आजवर काय केलं, कसं केलं आणि त्यातून काय निघालं, हा ऐवज मात्र हाताशी ठेवता येतो. तयारी त्याचीच करायची.

याला कारणही आहे. बऱ्याच ठिकाणी आता आखीव मुलाखत घेतात. म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधायला, गप्पांच्या ओघात चालणाऱ्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखत सरस ठरते, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले, तेव्हा अनेक पद्धतींचे आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत यादीत वरच राहिली. उमेदवाराने यातून घ्यायचं ते एवढंच की गुण तपशिलाला मिळतात. ‘मी मेहनती आहे’ या वाक्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नसतो.

पायरी 1: जाहिरात फोडा

सगळ्यात आधी जाहिरातीची प्रत काढून ठेवा. अर्जाची मुदत संपली की पान अनेकदा काढून टाकतात आणि ऐन तयारीच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही. मग पेन घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघा मारा: सांभाळणे, तपासणे, समन्वय साधणे, अहवाल देणे. कामाचं खरं स्वरूप तिथे असतं. ‘गतिमान वातावरण’, ‘उत्साही टीम’ वगैरे मजकूर सोडून द्या. एखादी गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत दोन-तीनदा आली असेल तर तिथे त्यांची दुखरी नस आहे असं समजायला हरकत नाही. या सगळ्यातून पाच-सहा अपेक्षा वेगळ्या काढा. ‘आवश्यक’ वर, ‘असल्यास उत्तम’ खाली.

जाहिरात अगदीच मोघम असेल तर बोलावणं ज्यांनी पाठवलं त्यांना सरळ विचारा: किती फेऱ्या आहेत, मुलाखत कोण घेणार, किती वेळ चालेल, लेखी किंवा प्रात्यक्षिक चाचणी आहे का? असं विचारण्यात काहीही गैर नाही, आणि उत्तर बहुधा मिळतंच.

पायरी 2: प्रसंगांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या; निम्मी तयारी इथेच होते. कागदाच्या डावीकडे त्या पाच-सहा अपेक्षा लिहा, उजवीकडे प्रत्येकीसमोर स्वतःच्या कामातला एखादा प्रसंग. एकूण सहा ते आठ प्रसंग पुरतात, कारण एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो. त्यात हे चार हवेतच: फसलेलं काम, सहकाऱ्याशी किंवा वरिष्ठांशी झालेला मतभेद, अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागलेला निर्णय, आणि थोड्या वेळात शिकून केलेलं काही.

प्रत्येक प्रसंगाचे चार भाग करा: परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, परिणाम. हा साचा ‘स्टार’ पद्धत म्हणून ओळखला जातो. साचा बहुतेकांना माहीत असतो, घोटाळा होतो तो प्रमाणात. दोन मिनिटांच्या उत्तरात परिस्थितीला 20 सेकंद, जबाबदारीला 10, परिणामाला 20 आणि उरलेला सगळा वेळ कृतीला द्यायचा. प्रत्यक्षात लोक पार्श्वभूमी सांगण्यातच मिनिटभर घालवतात आणि कृती एका वाक्यात उरकतात.

समजा, गोदामात काम केलेला उमेदवार म्हणाला, ‘आमच्याकडे स्टॉकचा घोळ होता. आम्ही नवीन पद्धत आणली आणि बरीच सुधारणा झाली.’ ऐकणाऱ्याच्या मनात लगेच तीन प्रश्न येतात: घोळ केवढा होता, यात तुम्ही काय केलं, आणि ‘बरीच’ म्हणजे किती? आता तीच गोष्ट अशी ऐका:

‘दर महिन्याच्या मोजणीत कागदावरचा आणि प्रत्यक्ष साठा यात 4 टक्के फरक यायचा. मोजणी माझ्याकडे होती. मी आधी तीन महिन्यांच्या नोंदी तपासल्या. फरक मुख्यतः परत आलेल्या मालात होता. तो दिवसभर साचायचा आणि नोंद संध्याकाळी एकदम व्हायची. मी परतीच्या मालाला वेगळा रॅक दिला, आणि नोंद झाल्याशिवाय तिथून माल हलवायचा नाही असा नियम सुपरवायझरकडून मंजूर करून घेतला. पहिला आठवडा लोकांनी टाळाटाळ केली, म्हणून शिफ्ट संपताना स्वतः थांबून नोंदी करून घेतल्या. चौथ्या महिन्यात फरक 1 टक्क्याच्या आत आला.’

हे बोलायला मिनिटभरही लागत नाही, म्हणजे पुढच्या उपप्रश्नांना जागा राहते. पहिल्या आठवड्याच्या टाळाटाळीचं वाक्य गाळू नका. अडचण आली नाही असं काम नसतंच, आणि अडचणच न सांगणारा उमेदवार एक तर लपवतोय किंवा ते काम त्याने केलेलंच नाही, अशी शंका येते. ‘आम्ही’चं ‘मी’ करणं अनेकांना जड जातं, बढाई मारल्यासारखं वाटतं. श्रेय वाटायचं असेल तर टीमने काय केलं ते एका वाक्यात सांगा, आणि मग स्वतःचा वाटा नीट वेगळा काढून दाखवा.

आकडे नसतील तर आधी कसं चालायचं आणि नंतर कसं, हा फरक सांगा: आठवड्यातून दोनदा येणारी तक्रार महिन्यातून एकदा येऊ लागली, तुम्ही बनवलेला तक्ता अजून वापरात आहे, असं काहीही. आधीच्या कंपनीतली गोपनीय माहिती किंवा ग्राहकांची नावं मात्र अजिबात घेऊ नका. आज त्यांच्याविषयी बोलणारा उद्या आमच्याविषयी बोलेल, हे समोरच्याच्या लक्षात येतंच. नवख्या उमेदवारांनी अनुभव नाही म्हणून हा तक्ता सोडू नये. प्रकल्प, इंटर्नशिप, एखाद्या कार्यक्रमाचं आयोजन, घरच्या व्यवसायात सांभाळलेला हिशेब, यातही प्रसंग सापडतात.

काही प्रश्न भूतकाळाऐवजी कल्पनेतले येतील: ‘डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मोठी चूक सापडली तर काय कराल?’ अशा वेळी थेट उपायावर उडी मारू नका. आधी काय तपासाल, कोणते पर्याय दिसतात, त्यातला कोणता घ्याल आणि का, कोणाला कळवाल, या क्रमाने जा. जमलं तर शेवटी आपल्या तक्त्यातला मिळताजुळता प्रसंग जोडा.

पायरी 3: रेझ्युमेची झडती

प्रत्येक ओळीवर स्वतःला तीन प्रश्न विचारा: काय केलं, कसं केलं, तसंच का केलं? तिसऱ्या प्रश्नाला तोंड उघडत नसेल तर ती ओळ काढा किंवा सौम्य करा. एकदाच उघडून पाहिलेल्या सॉफ्टवेअरपुढे ‘प्रावीण्य’ लिहिणं ही नेहमीची चूक. पॅनेलमध्ये ते सॉफ्टवेअर रोज वापरणारा माणूस असतोच. पाठवलेल्या अर्जातला रेझ्युमे आता बदलता येणार नसेल, तर निदान त्या ओळीवर खरं काय सांगायचं ते ठरवून जा. नोकरीत खंड पडला असेल तर कारण एका वाक्यात सांगा, त्या काळात काय केलं ते दुसऱ्या वाक्यात, आणि पुढे चला. लांबलचक खुलासा नको.

पायरी 4: कंपनीची माहिती

तास-दीड तास पुरे. त्यांना पैसा कशातून मिळतो, ग्राहक कोण, स्पर्धक कोण, गेल्या वर्षभरात काय नवं झालं. शक्य असेल तर त्यांची वस्तू किंवा सेवा स्वतः वापरून बघा. स्थापनेचं साल पाठ करून काही साधत नाही.

पायरी 5: तीन अवघड प्रश्न

‘स्वतःबद्दल सांगा’ याला दीड मिनिटाचं उत्तर तयार ठेवा. सध्या काय करता, त्याआधीचं या जागेशी जुळणारं काम, आणि ही जागा का हवी आहे. जन्मगाव, शाळा, छंद यांनी सुरुवात केली तर वेळ संपतो आणि कामाचा मुद्दा राहून जातो. हे एकच उत्तर जवळजवळ शब्दशः ठरवलेलं चालतं.

‘तुमची कमजोरी कोणती?’ यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर आता कोणी गंभीरपणे घेत नाही. खरी पण या कामाच्या गाभ्याशी नसलेली उणीव निवडा आणि ती आटोक्यात ठेवायला काय करता ते सांगा. उदाहरणार्थ, बैठकीत चटकन मत मांडता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी विषयपत्रिका मागवून मुद्दे लिहून ठेवता.

पगाराचा प्रश्न पहिल्याच फेरीत आला तर आधी या पदासाठी काय मर्यादा ठरली आहे, हे विचारून बघा. आकडा सांगणं भागच पडलं तर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून बाजारभाव तपासून पट्टा सांगा, आणि त्याचा खालचा आकडा असा ठेवा की तेवढाच मिळाला तरी तुम्ही आनंदाने रुजू व्हाल. ऐकणारा खालचाच आकडा लक्षात ठेवतो.

पायरी 6: तोंडाने सराव

मनातल्या मनात उजळणी म्हणजे सराव नव्हे. मनात प्रत्येक उत्तर सुरेखच असतं. प्रत्येक प्रसंगासाठी फक्त चार-पाच शब्द कागदावर लिहा आणि फोनवर रेकॉर्ड करत मोठ्याने बोला, तेही मुलाखत ज्या भाषेत होणार त्याच भाषेत. ऐकताना तीन गोष्टी तपासा: मुद्द्यावर यायला किती सेकंद लागले, उत्तराचा शेवट ठाम झाला की ‘तर… असं सगळं’ म्हणत विरघळला, आणि ‘म्हणजे’, ‘बेसिकली’ किती वेळा आलं. मग कोणाला तरी समोर बसवा आणि दर उत्तराला मध्येच ‘पण का?’ असं टोकायला सांगा. हितचिंतक कौतुकच करतात, म्हणून टोकण्याची ताकीद आधीच द्यावी लागते.

मुलाखतीचा दिवस

प्रत्यक्ष जायचं असेल तर 10 ते 15 मिनिटं आधी पोहोचा. त्याहून फार आधी गेलात तर त्यांचीच पंचाईत होते. रेझ्युमेच्या प्रती पॅनेलच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, ओळखपत्र न विसरता. कपडे तिथले लोक रोज घालतात त्याहून जरा नीटनेटके, आणि ते एकदा आधी घालून, बसून बघितलेले.

व्हिडिओवर असेल तर बिघडण्यासारखं बरंच असतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवा. उजेड चेहऱ्यावर समोरून पडावा, पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. आदल्या दिवशी त्याच अ‍ॅपवर, त्याच खात्यातून आवाज तपासा. चार्जर लावलेला, नोटिफिकेशन बंद, इंटरनेट गेलं तर फोनचं हॉटस्पॉट तयार, आणि संपर्कासाठी त्यांचा नंबर कागदावर लिहिलेला. स्क्रीनवर उत्तरं उघडून वाचत असाल तर डोळ्यांची डावी-उजवी हालचाल समोर स्पष्ट दिसते.

प्रश्न पूर्ण होऊ द्या. पाचेक सेकंद थांबून बोललात तर काही बिघडत नाही. ती शांतता तुम्हाला वाटते तेवढी लांब नसते. तांत्रिक प्रश्न सोडवताना मात्र विचार मोठ्याने करा, कारण गप्प बसून काढलेल्या चुकीच्या उत्तराला शून्य आणि बोलत काढलेल्या चुकीच्या उत्तराला निदान रीतीचे काही गुण मिळू शकतात. येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, शोधायचं झालं तर अमुक ठिकाणापासून सुरुवात करेन’ एवढं सांगून थांबा. अंदाजपंचे दिलेलं उत्तर उपप्रश्नात उघडं पडतं.

शेवटी तुम्हाला विचारायची संधी देतात तेव्हा ‘काही नाही’ म्हणू नका. ‘पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय झालेलं हवं आहे?’ आणि ‘ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली?’ हे दोन प्रश्न बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात. निकाल कधी कळेल हेही विचारून घ्या.

नंतर

बाहेर पडल्यावर लगेच, विचारलेले प्रश्न आणि आपण सांगितलेले प्रसंग लिहून काढा. पुढच्या फेरीतले लोक तेच खणतात, आणि दोन फेऱ्यांत आकडे वेगळे सांगितले गेले तर विश्वास उडतो. 24 तासांच्या आत चार-पाच ओळींचा आभाराचा ईमेल पाठवा, त्यात चर्चेतल्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख असू द्या. दिलेली तारीख उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले तर एकदा विचारणा करा. दिवसाआड नको. होकार फोनवर आला तर लेखी ऑफर मागा. तिच्यात पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि प्रोबेशनचा काळ नीट पाहा. तोवर सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि उरलेल्या मुलाखतीही रद्द करू नका.