१२:६१:०० मधला फॉस्फरस लॅबमध्ये कसा मोजायचा

१२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत, आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गोणीवरचं ६१ म्हणजे ६१ टक्के फॉस्फरस नाही. तो आकडा पी टू ओ फाइव्हचा (फॉस्फरसच्या ऑक्साइडचा) असतो, खतांच्या लेबलवर तसंच लिहायची जुनी पद्धत आहे. नुसता फॉस्फरस हवा असेल तर ०.४३६४ ने गुणायचं, म्हणजे ६१ चे साधारण २६.६ टक्के होतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पोरं २६ उत्तर बघून खत बोगस आहे म्हणून मोकळी होतात.

ही पद्धत बीएस्सीच्या लॅबमध्येही जमते, महागडं मशीन लागत नाही, चांगला तराजू मात्र पाहिजेच. खतातलं फॉस्फेट मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट म्हणून खाली बसवायचं आणि त्या खाली बसलेल्या पांढऱ्या गाळाचं, म्हणजे साक्याचं, वजन करायचं. ड्रिपमधून सोडायची विद्राव्य खतं घ्या, १२:६१:०० सगळ्यात सोपं. सिंगल सुपर फॉस्फेट इथे घेऊ नका, त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि अमोनिया टाकला की कॅल्शियम फॉस्फेटही खाली येतं, मग वजनाला काही अर्थ राहत नाही.

गोणीच्या वरूनच चमचाभर उचलू नका, तीन-चार जागचं घेऊन नीट मिसळा. त्यातलं १ ग्रॅम अचूक तोलून ४० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, काही गाळ राहिला तर गाळून टाका. त्यात १० टक्के मॅग्नेशियम सल्फेट ४५ मिली आणि २ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला. हे क्लोराइड विसरू नका, ते नसेल तर जास्तीचं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन साक्यात मिसळतं आणि उत्तर उगाच जास्त येतं.

आता अमोनिया, आणि सगळा खेळ इथेच आहे. २५ टक्क्यांचा अमोनिया १५० मिली घेऊन पाण्याने १ लिटर केला की साधारण २ मोलर होतो, त्यातला १०० मिली ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि ग्लास रॉडने ढवळत राहायचं, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. खिडक्या उघड्या ठेवा नाहीतर फ्यूम हूडमध्ये करा, डोळे चुरचुरतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग एकदम द्रावण दुधाळ होतं आणि बीकरच्या काचेला रॉड जिथे घासला तिथे पांढऱ्या रेघा उमटतात, स्फटिक त्या ओरखड्यांवरच आधी धरतात, मला अजूनही ते बघायला आवडतं. घाईने सगळा अमोनिया ओतला तर साका इतका बारीक होतो की फिल्टर पेपरमधून निसटतो.

अर्धा तास तसंच राहू द्या. मग आधीच तोललेल्या फिल्टर पेपरवर गाळा, थोड्याशा पातळ थंड अमोनियाने धुवा (साध्या पाण्यात साका थोडा विरघळतो), शेवटी ५-५ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा.

वाळवायचं खोलीतल्या हवेवरच, रात्रभर, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. ओव्हनमध्ये अजिबात नाही! आमच्या लॅबमध्ये एकीने घाई म्हणून १०५ डिग्रीला ठेवलं, उत्तर चाळीसच्याही खाली आलं आणि ज्यांच्या शेतातलं खत होतं ते काका दुकानदाराशी भांडायला निघाले होते. खत चांगलं होतं. या साक्याच्या प्रत्येक रेणूत पाण्याचे सहा रेणू असतात, तापवलं की पाणी उडतं, अमोनियाही उडायला लागतो, आणि आपण मात्र सहा पाण्यांसकटच्या साक्याचाच फॅक्टर (वजनाला गुणायचा आकडा) लावून बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, हवेवर वाळवलं, साका २.०५ ग्रॅम भरला.

हिशोब असा, साक्याचं वजन गुणिले ०.२८९२, भागिले खताचं वजन, गुणिले १००. म्हणजे २.०५ ला ५९.३ टक्के पी टू ओ फाइव्ह, फॉस्फरस २५.९. थोडा साका धुताना जातोच, म्हणून एका नमुन्यावर कधी थांबू नका, तीन करा आणि तिन्ही जवळ जवळ आले तरच सरासरी काढा.

आणि तरीही आकडा खूपच कमी येत असेल तर हा लॅबचा हिशोब घेऊन दुकानात जाऊ नका, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे नमुना खत निरीक्षकाने काढावा लागतो, त्यांच्याकडे तक्रार द्या आणि गोणी तोवर संपवू नका.