टँकच्या ट्रॅकचा रंग: आधी वखराची पास पाहा

रणगाड्याचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल नीट रंगतं आणि त्याचा ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा, मात्र नारिंगी गंजाच्या पट्ट्यासारखा दिसतो, ही नवख्यांची नेहमीची चूक. चालता ट्रॅक असा नसतो. पाळी घालून आलेल्या वखराची पास पाहा: घासलेली धार लखलखते, मातीत न जाणारं लोखंड काळपट तपकिरी राहतं, आणि दोन दिवस पावसात पडली तर त्याच धारेवर तांबूस पापुद्रा येतो. ट्रॅक रंगवायचा म्हणजे कुठे घासतं, कुठे माती दबून बसते आणि कुठे काहीच होत नाही, हे ठरवायचं. रस्त्याच्या कामावर पोकलेन उभं असेल तर त्याचा पट्टाही जवळून पाहून घ्या.

आधी ट्रॅक कशाचा आहे ते ओळखा. मऊ व्हिनाइलच्या पट्ट्यावर इनॅमल लावू नका. व्हिनाइलमधला तेलकट अंश वर येऊन रंग महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. त्यावर अ‍ॅक्रिलिकच, तेही पातळ, नाहीतर वाकवताना पोपडे निघतात. कडी-कडी जोडायच्या प्लास्टिक ट्रॅकला उलटा धोका असतो. त्याच्या पिना ताणाखाली असतात आणि रंग पातळ करायचं टर्पेंटाइन भरपूर ओतलं की ते सांध्यात शिरून पिना तडकतात. म्हणून तिथे ब्रश नुसता ओला ठेवायचा, ट्रॅक बुडवायचा नाही.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने ट्रॅक धुवा आणि रात्रभर वाळवा. रंगवताना बांबूच्या कामटीवर दुहेरी टेपने चिकटवा. थर्माकोलवर ठेवू नका, स्प्रेने किंवा थिनरने ते विरघळतं.

मूळ रंग निव्वळ काळा नको, कारण १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलवर, काळ्यावर पुढचा एकही वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) उठत नाही. टामिया या मॉडेल-कंपनीचे रंग असतील तर एक्सएफ-६४ (लालसर तपकिरी) चे ३ भाग आणि एक्सएफ-१ (मॅट काळा) चे २ भाग. ते मिळत नसतील तर स्टेशनरीच्या दुकानातल्या अ‍ॅक्रिलिकमधून बर्न्ट अंबर २, काळा १ आणि किंचित पांढरा. दोन पातळ हात पुरे. एअरब्रश वापरत असाल तर टामियाच्या रंगात तेवढंच थिनर घाला. मे महिन्यात दुपारी रंग टोकावरच सुकून धूळ होऊन बसतो, तेव्हा सकाळी ८ च्या आत उरका. कूलर मात्र बंद ठेवा. त्याच्या दमट हवेत मॅट व्हार्निश पांढुरकं पडतं, आणि पुढे लागणारी कोरडी पूड उडते ती वेगळीच.

२४ तासांनी वॉश. ऑइल कलरच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर मटारच्या दाण्याएवढा घ्या आणि १० मिली टर्पेंटाइनमध्ये विरघळवा. तो खाचांमध्ये सोडा. बर्न्ट सिएना फक्त पिनांच्या टोकांशी आणि कोपऱ्यांत, ठिपक्याठिपक्याने. दहा कड्यांत तीन-चार ठिकाणी पुरे.

आता माती, आणि खरी मजा इथेच आहे. धुऱ्यावरची काळी माती फुकट मिळते म्हणून प्रत्येक टँकला फासू नका. १९४३ च्या रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला टी-३४ टँक असेल तर ती शोभते, कारण तिथलीही जमीन काळीच. १९७१ च्या भारत-पाक युद्धात शकरगढ भागात लढलेल्या सेंच्युरियन टँकला मात्र फिकट तपकिरी गाळाची माती हवी. वाळवंटातल्या टँकला तर पिवडी आणि खडूची पूडच बरी.

माती मंद आचेवर तव्यात १० मिनिटं परतून कोरडी करा, मग जुन्या धोतराच्या दोन पदरांतून गाळा. १:३५ मध्ये १ मिमीचा खडा म्हणजे खऱ्यात साडेतीन सेंटिमीटरचा गोटा, म्हणून गाळण्यात आळस नको. काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे ती वाळताना आक्रसते. शेतात पडतात तशाच भेगा ट्रॅकवर पडतात, आणि त्या आकाराने फार मोठ्या दिसतात. त्यावर उपाय: माती २ भाग, सुताराकडचा पॉलिशपेपरचा बारीक भुसा १ भाग, आणि १ भाग फेविकॉल ३ भाग पाण्यात कालवून त्याचा लगदा. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जाड थर नको. वाळला की दुसरा. फेविकॉलची चमक राहिली तर वरून कोरडी पूड टेकवा. ओला लगदा गडद दिसतो, त्यामुळे रंग चुकला असं वाटून लगेच काही मिसळू नका. पूर्ण वाळल्यावरच ठरवा.

व्हार्निश मारायचं असेल तर इथेच, कारण यानंतरची चमक त्याखाली मरते. उंचवट्यांवरची माती ओलसर कापडाने पुसा आणि ६बी पेन्सिल आडवी धरून जमिनीला लागणाऱ्या पट्ट्या घासा. आतल्या बाजूला चाकं जिथून धावतात तिथे हलकीच चमक द्या, तशीच मधल्या दातांच्या कुशींना. स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात विसरू नका. टायगर, टी-३४, टी-५५ यांचे ट्रॅक उघड्या पोलादाचे, त्यांना हे लागू. पॅटनसारख्या रबरी गादीच्या ट्रॅकवर रबर कधीच चमकवायचं नाही; ते मळकट राखाडी ठेवा आणि फक्त कडेच्या जोडकड्या घासा. शर्मनला दोन्ही प्रकारचे ट्रॅक होते, म्हणून किटमधल्या कड्या निरखूनच हात घाला.

उरलेला मातीचा लगदा फेकू नका, झाकणाच्या डबीत ठेवा. चाकांवर आणि टँकच्या धडाच्या खालच्या भागावर तोच लागतो. वेगळा कालवला तर ट्रॅक एका जिल्ह्यातून आणि टँक दुसऱ्या जिल्ह्यातून आल्यासारखा दिसतो.